नुसतं ओतून भागत नाही

ब्रेक ऑइलची डबी उतरली की वरून थोडं ओतायचं आणि गाडी काढायची, या सवयीशी माझं भांडण आहे. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, काचेवर मारायचं पाणी वापरून संपतं. ब्रेक ऑइल मात्र बंद नळ्यांत कोंडलेलं असतं, त्याला संपायला वाटच नाही. पातळी उतरली तर एकतर पॅड झिजले, नाहीतर ऑइल कुठून तरी बाहेर चाललं आहे. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्या मागची जागा भरायला डबीतलं ऑइल खाली जातं. त्यामुळे ‘पातळी उतरणारच’ हे गॅरेजातलं उत्तर खोटं नाही. पण ते या गाडीला लागू आहे का, हे पॅडची जाडी पाहिल्याशिवाय कसं कळणार? आणि पॅडच झिजले असतील तर डबी भरण्यात तरी काय हशील? नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की जादा ऑइल उतू जातं आणि गाडीचा रंग खातं. (सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओतावं.)

पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल तर गळती आहे, असंच धरून चालावं. गाडीखालची जमीन कोरडी आहे, हा मी पुरावा मानत नाही. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर पाझरू लागला की ऑइल आधी त्याच्या रबरी टोपीत साठतं, मग लायनरवर उतरतं आणि बाहेर दिसायला बराच वेळ घेतं. ड्रम काढून टोपीची कड जरा उचलली की ओल हाताला लागते. याहून लबाड गळती मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलची. तिथलं ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जातं आणि बाहेर टिपूसही दिसत नाही. मास्टर सिलिंडरचे नट सोडून तो थोडा पुढे घेतला तरच ओल सापडते. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसतं आणि पातळी मात्र जागेवर राहते, तेव्हा बहुधा आतलं सील दाब सोडत असतं. होज पाइप आणि सांधे तर सगळेच पाहतात. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेतल्या गाड्यांचे लोखंडी पाइप मात्र गंजासाठी वेगळे तपासावेत, विशेषतः क्लिपांखाली.

यावर कुणी म्हणेल, हल्ली ब्रेकची दोन सर्किटं असतात, एक गेलं तरी दुसरं थांबवतं. थांबवतं, पण पेडल खोल जातं आणि थांबायला अंतर जास्त लागतं. घाट उतरताना ते अंतर कुठून आणायचं? शिवाय ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि ओतायला झाकण वरचेवर उघडलं की ते आणखी. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळून वाफ झाली की पेडल पोकळ लागतं.

खर्चाचा आक्षेप मला अर्धाच पटतो. व्हील सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत असेल तर नुसती रबराची किट चालते, खड्डे पडले असतील तर नवं रबरही फाटतं. ऑइल प्यायलेले लायनर कागदाने घासून परत बसवणं तर निव्वळ फसवणूक. ते दोन्ही चाकांचे बदलावेत, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतो. गंजलेला पाइप कापून मध्ये रबरी नळी जोडणं मला कुठल्याच भावात मान्य नाही, कारण ब्रेकचा दाब ती सोसत नाही. होजच्या बोल्टाखालचे तांब्याचे वॉशरही नवेच हवेत. मग डबी तळाला जाऊ न देता हवा काढायची. एबीएसच्या काही गाड्यांत त्यासाठी स्कॅनर लागतो. शेवटी गाडी उभी ठेवून, इंजिन चालू असताना एकाने पेडल जोरात दाबून धरावं आणि दुसऱ्याने उघडलेल्या प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवावा.