तळघराऐवजी माळा

सालवडसारख्या किनारपट्टीच्या गावात पावसाळ्यात भूजलपातळी, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची वरची मर्यादा, पृष्ठभागाजवळ येते, त्यामुळे घराखाली तळघर खणण्याची रीत इथे रुजली नाही; जास्तीची जागा वर माळा घालूनच काढावी लागते आणि ठेंगण्या छताचा प्रश्न तिथे उभा राहतो. इथे तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या भाड्याच्या खोलीत घातलेला पोटमाळा, म्हणजे जमीन आणि छप्पर यांच्यामधला अर्धा मजला, जागा वाढवतो, पण खालची आणि वरची अशी दोन्हीकडची उंची कापतो. राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या खोलीची किमान उंची 2.75 मीटर ठरवली आहे. ही उंची महत्त्वाची, कारण तापलेली हवा वर साचते, छपराचा पत्रा उष्णता खाली फेकतो आणि रात्रपाळी करून दुपारी माळ्यावर झोपणारा कामगार नेमका त्याच थरात पडलेला असतो. ही झोप माणसाला साजेशी नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. पत्र्यावर पांढरा चुना देणे, छताऐवजी भिंतीला पंखा लावणे यांनी त्रास घटतो. तरी माळा निम्म्या खोलीवरच घालून उरलेली उंची मोकळी ठेवणे आणि छपरालगत समोरासमोर झरोके सोडणे हा उपाय अधिक मोलाचा, कारण वर चढलेल्या उष्ण हवेला त्यातून बाहेर पडायला वाट मिळते.