आत्याचे गाणे
आत्याला कॉक्लिअर इम्प्लांट बसवले तेव्हा घरच्यांना वाटले, आता गाणेही परत आले! धडधाकट कानात आतल्या केशपेशी सुमारे ३५०० असतात. तिच्या कानात इलेक्ट्रोड २२. शांत खोलीत बोलणे समजायला तेवढे पुरतात. खडेबाजारात मात्र सगळे आवाज एकमेकांत कालवले जातात, नि ती माझ्या ओठांकडे पाहू लागते. तबल्याचा ठेका बिनचूक मोजते; सूर चढला की उतरला, हे कळत नाही.

परवा कुमार गंधर्वांची जुनी तबकडी लावली. (ते आमच्या सुळेभावीचे, जन्म १९२४!) ऐकू येत होते त्या काळात ती तिला तोंडपाठ होती.

"शब्द बाहेरून येतात, सूर आतून," आत्या म्हणाली.

हे ऐकणे की आठवणे? मी विचारात पडलो.

"दुसरी बाजू लाव रे!"