शोधग्रामचा रस्ता आणि पहिला श्वास

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागले, की सागाची आणि मोहाची झाडे सोबत करू लागतात. मधूनच भाताची खाचरे दिसतात. चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचे हे निवासस्थान आणि कार्यस्थळ.

आपल्यापैकी अनेक आजींना जुनी दृश्ये आठवत असतील. जन्मलेले बाळ रडले नाही, तर त्याला उलटे धरून चापट्या मारीत, नाकाशी कांदा फोडून धरीत. कुठे कुठे वार निखाऱ्यांवर शेकीत. मायेपोटीच हे सारे चाले, परंतु त्यात मोलाचे क्षण निघून जात.

नव्वदच्या दशकात या परिसरातील ३९ गावांत वेगळा प्रयोग झाला. प्रसूती दाईच्या हाती राहिली आणि बाळाकडे पाहण्यासाठी गावातीलच प्रशिक्षित आरोग्यदूत शेजारी बसू लागली. बाळाला कोरडे करून ऊब द्यायची, पाठ चोळायची. तरीही श्वास नाही, तर मान किंचित मागे करून नाकातोंडावर मुखवटा घट्ट बसवायचा आणि हवा द्यायची. आरंभी हे तोंडाने होई, पुढे नळीने, नंतर हाताने दाबायच्या पिशवीने, म्हणजे अंबू बॅगने. पूर्ण दिवसांच्या बाळाला बहुधा साधी हवाच पुरते. छाती उचलली जाते की नाही, एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गावरील इंजेक्शने यांची जोड मिळून नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे प्रसिद्ध केले.

खरी अडचण मला निराळीच वाटते. हजार वस्तीच्या गावात वर्षाकाठी वीस-पंचवीस बाळे जन्मतात. त्यांपैकी पिशवीची गरज लागते ती जेमतेम एखाद्याला. वर्षातून एकदाच लागणारे कौशल्य हातात टिकावे कसे? म्हणूनच प्रशिक्षण एकदाच देऊन भागत नाही. बाहुलीवरचा सराव पुनःपुन्हा करावा लागतो. (आम्हां डॉक्टरांचे हातही याला अपवाद नाहीत.)

आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात. नात किंवा सून तिथे दाखल होईल, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी परिचारिकेला आधीच विचारावे : बाळासाठी मुखवटा आणि पिशवी तयार आहे ना? आणि त्या वेळी केवळ बाळाकडे कोण पाहणार आहे?