गंगेचं पाणी आणि ओरत्तनाडुचं छत्रम

पुण्याहून चेन्नईला निघालेल्या विमानात आमची रांग बाविसावी होती. तिथपर्यंत पोहोचेतो डोक्यावरचे सगळे कप्पे भरलेले. कुणाच्या चाकांच्या बॅगा आडव्या पसरलेल्या, कुणाचं जाकीट घडी घालून एकटंच ऐसपैस बसलेलं. आईच्या हातात एक कापडी पिशवी. त्यात तांब्याचा गडू आणि अर्ध्या लिटरची पारदर्शक बाटली. बाटलीत गंगेचं पाणी.

हे पाणी बाबांनी काशीहून आणलेलं. डाख दिलेला गडू कितीतरी वर्षं देवघरात होता. ते रामेश्वरला घालायचं आणि यात्रा पुरी करायची, असं त्यांच्या मनात होतं. ते राहिलं आणि बाबा गेले. बंद धातूचं भांडं विमानतळावर तपासणीत अडेल असं एका ओळखीच्यांनी सांगितलं, म्हणून घरीच डाख फोडून पाणी बाटलीत घेतलं. आईला ते मुळीच रुचलं नव्हतं. पिशवी मोठ्या सामानात टाकायला तर ती तयारच नव्हती. “बाबांचं पाणी पट्ट्यावरून गडगडत जाणार का?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या आईला हवाईसुंदरीनं हसून सांगितलं, “आजी, उड्डाणाच्या वेळी मांडीवर काही ठेवता येत नाही. वर ठेवा किंवा समोरच्या सीटखाली.” सीटखाली म्हणजे पायाशी. गंगेचं पाणी पायाशी! आईचा चेहरा पाहून मी वर जागा शोधू लागले. चार रांगा पुढे एक फट दिसली, तिथे पिशवी ठेवली आणि वळले, तोच मागून आलेल्या एका तरुणानं आपली भली थोरली बॅग तिच्या अंगावर रेटली. आई जागेवरून उठून ओरडली, “अहो, हळू! त्यात माझ्या मालकांची यात्रा आहे!”

सगळं विमान वळून पाहू लागलं. तो पोरगा बिचारा ओशाळला. हवाईसुंदरी मात्र सरावलेली होती. तिनं कप्प्यातल्या दोन आडव्या बॅगा उचलून पुस्तकांसारख्या कडेवर उभ्या केल्या, जाकीट मालकाच्या हातात दिलं, आणि जिथे तीन बॅगा कोंबल्या होत्या तिथे चार बॅगा आणि आमची पिशवी आरामात बसली. हे कसब खरं तर आपण प्रवाशांनीच शिकायला हवं. चाकांची बॅग चाकं आत घालून आणि कडेवर उभी ठेवावी, मऊ वस्तू सगळ्यात शेवटी वरून. पाठीवरची छोटी सॅक सीटखाली गेली तर कुणाचं काही बिघडत नाही. आणि एक गोष्ट मी त्या दिवशी शिकले: आपल्या सीटपाशी जागा नसेल तर पुढच्या रांगेत ठेवावी, मागच्या नाही. उतरताना सगळा लोंढा पुढे सरकत असतो. उलट्या दिशेनं जाणं म्हणजे दादरच्या पुलावर सकाळी नऊ वाजता उलटं चालणं.

एके काळी विमानात डोक्यावर नुसत्या उघड्या फळ्या असत, टोप्या आणि कोट ठेवायला. १९७० साली जंबो जेट आलं, त्या सुमारास झाकणाचे कप्पे रूढ झाले. नव्या विमानांत ते इतके खोल केलेत की चार बॅगांच्या जागी सहा कडेवर उभ्या राहतात. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात साध्या तिकिटावर सोबत सात किलोंची एक बॅग न्यायची मुभा असते. एवढं असूनही जागा पुरत नाही, कारण पट्ट्यावर सामानाची वाट पाहायला कुणाकडेच वेळ नाही.

चेन्नईहून तिरुचिरापल्लीचं विमान पंख्याचं, एटीआर. त्याचं प्रवाशांचं दार शेपटीकडे असतं आणि सामानाची खोली पुढे. कप्पे इतके लहान की आमची चाकांची बॅग शिडीपाशीच चिठ्ठी लावून काढून घेतली. कर्मचाऱ्यानं पिशवीकडेही हात पुढे केला. आईनं ती छातीशी धरली आणि एकच शब्द उच्चारला, “रामेश्वरम्.” त्यानं हात मागे घेतला.

तिरुचीहून तंजावर रस्त्यानं तास-दीड तास. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागलं की तेवीस-चोवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु येतं. एका बाजूला भाताची खाचरं, दुसरीकडे नारळ. १९३४ साली मेट्टूर धरण झालं, त्याच्यासोबत काढलेल्या मोठ्या कालव्यानं हा भाग ओलिताखाली आला. २०१८च्या नोव्हेंबरात ‘गाजा’ वादळानं इथले नारळ आडवे केले होते. गाडीवाल्यानं ते बोट दाखवून सांगितलं, बाकी रस्ताभर तो गप्प होता.

हा रस्ता रामेश्वरचा जुना यात्रामार्ग. म्हणून तर मराठी माणसानं इथे थांबायचं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावरला मराठी राज्य उभं केलं. त्याच वंशातले सरफोजी राजे दुसरे (१७९८ ते १८३२) आपल्याला सरस्वती महाल ग्रंथालयामुळे माहीत असतात. त्यांनी ओरत्तनाडुला मुक्तांबाळ छत्रम बांधलं. मुक्तांबा ही राजांची प्रिय सखी, राणी नव्हे. ती गेल्यावर तिच्या नावानं १८०२च्या सुमारास ही धर्मशाळा उभी राहिली. या वाटांवरच्या बहुतेक छत्रांना राजघराण्यातल्या बायकांची नावं आहेत. नीडामंगलमचं छत्रम यमुनांबाळचं. पण लग्नाच्या न झालेल्या बाईचं नाव एवढ्या मोठ्या इमारतीला उघडपणे द्यायचं, ही त्या काळात सोपी गोष्ट नसावी.

इमारत पाहून आई म्हणाली, “हा तर वाडाच आहे गं.” दर्शनी बाजूला दगडी हत्ती-घोडे, जणू सगळी वास्तूच रथ आहे आणि ते तिला ओढताहेत. आत चौक आणि कोरीव लाकडी खांब. पुढच्या काळात इथे शाळा भरली, मुलांचं वसतिगृह चाललं. बराचसा भाग आता थकलेला आहे. भिंतींतून पिंपळाची रोपं डोकावतात. ती वेळीच उपटली नाहीत तर खांबांचं काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

१७९९ साली राज्याचा कारभार इंग्रजांनी घेतला, तेव्हा सरफोजींनी या छत्रांसाठी भांडण मांडलं. १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंट टॉरिन यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. छत्रांमध्ये काय चालतं, याचा त्यात सविस्तर पाढा आहे. ब्राह्मणापासून अतिशूद्रापर्यंत आणि जोगी, जंगम, बैरागी अशा सगळ्यांना शिजवलेला भात, आणि जे शिजवलेलं घेत नाहीत त्यांना शिधा. आजारी पडलेल्याला वैद्य. तान्ह्या मुलांना दूध. वाटेत कुणी बाई बाळंत झाली तर खर्च छत्राचा, आणि पुढे तीन महिने राहायची मुभा. आईबाप वाटेत वारले तर पोरं शाळामास्तरांच्या हवाली, तीन वेळचं जेवण आणि चार दिवसांनी तेलाची आंघोळ. मध्यरात्री घंटा वाजवायची आणि कुणी जेवायचं राहिलंय का, असं विचारायचं.

मी हे आईला चौकाच्या पायरीवर बसून सांगितलं. घंटेपाशी ती थांबली. “मध्यरात्री? म्हणजे उशिरा येणाऱ्यालाही जागा?”

“हो. आणि आपल्याला बाविसाव्या रांगेत पिशवीपुरतीही नव्हती.”

“पण तीन महिने राहणारीचं सामान कुठे ठेवत असतील गं?” आई खांबांकडे पाहत म्हणाली. मला हे सुचलंच नव्हतं. यात्रेकरूचं सामान म्हणजे तरी काय? वळकटी, शिध्याची पोतडी, आणि काशीहून निघालेला असेल तर खांद्यावर कावड. ती कावड कुणीतरी याच चौकात, आपल्या नजरेसमोर, टेकवली असेल.

तिथल्या राखणदारानं आम्हाला पाणी दिलं. त्याला मराठी येत नव्हतं, आईला तामिळ. तिनं पिशवीतली बाटली काढून दाखवली, उत्तरेकडे हात केला, मग दक्षिणेकडे. त्यानं चपला काढल्या आणि हात जोडले.

तिसऱ्या दिवशी रामेश्वरला अभिषेकासाठी पाणी दिलं. बाटली रिकामी झाल्यावर आई बराच वेळ तिचं झाकण हातात घेऊन उभी होती. मग समुद्रावर जाऊन तिनं मूठभर वाळू गडूत भरली. रामेश्वरची वाळू त्रिवेणीला वाहायची, तेव्हा काशीयात्रेचं वर्तुळ पुरं होतं. बाबांनी ते कधी सांगितलं होतं, मला आठवतही नाही.

परतीच्या विमानात आई सगळ्यांच्या आधी रांगेत उभी. पिशवी कप्प्यात कडेला नीट उभी ठेवून, शेजारची बॅग स्वतःच्या हातानं सरळ करून ती खाली बसली. पट्टा लावताना मला विचारलं, “प्रयागला विमान जातं का गं?”