टेकवणे आणि आवळणे

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक अमरावतीच्या महाविद्यालयात, दुसरा अकोल्याच्या. एम. ए.ला एका बाकावर बसलो, तेव्हापासूनचा हा स्नेह. आमच्यापैकी एकाच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी आम्हां दोघांच्या देखरेखीखाली आली आणि ऐकणे म्हणजे काय, याविषयीचा आमचा समज डळमळीत झाला.

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या या गाडीचे उत्पादन शतकाच्या वळणावर थांबले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तिच्या १०८९ सीसीच्या इंजिनात संगणक नाही. हवा आणि पेट्रोल यांचा मेळ कार्बोरेटर घालतो. आत ओढली जाणारी हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे दाब घटतो आणि बारीक जेटमधून आलेले पेट्रोल तुषार होऊन तिच्यात मिसळते. वजनी प्रमाण साधारण १५ ला १. परंतु वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हवा विरळ होते आणि हिवाळ्यात नेमके जमलेले मिश्रण उन्हाळ्यात पेट्रोलने जड होते. म्हणून ऋतू पालटला की आम्ही मिस्त्रींकडे जात असू.

अकोल्याचे हे मिस्त्री सत्तरीतले. इंजिन चांगले तापू देत, मग मिश्रणाची सुई पाव-पाव फेऱ्याने फिरवीत. आत नेली की पेट्रोल कमी, बाहेर काढली की जास्त. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी इंजिनाची अडखळ नाहीशी होऊन ते एका लयीत चालू लागे. मग गाडी फिरवून आणून ते प्लग काढून पाहत. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका रंग म्हणजे कमी, तपकिरी म्हणजे जमले.

आम्ही हे सारे वहीत उतरवून घेत होतो. ‘लिवू नोका, आयका,’ असे ते म्हणत. तेही आम्ही लिहून घेतले.

एका मे महिन्यात ते गावी गेलेले असताना आम्ही वही उघडली. ‘सुई पूर्ण आवळून दीड फेरा बाहेर काढावी’ अशी नोंद होती. तसेच केले. अमरावतीहून निघालेली गाडी बडनेरा, मूर्तिजापूर, जेथे थांबलो तेथे बंद पडली. पुढे मिस्त्रींनी सुई काढून दाखवली. तिच्या निमुळत्या टोकावर खोल कडे उमटले होते.

‘सुईले आवयू नोका, सर. नुसती टेकवा.’

त्यांनी पहिल्या दिवशीही ‘टेकवा’ असेच म्हटले होते. आम्ही ‘आवळून’ लिहिले. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत समानार्थी शब्दांच्या सूक्ष्म छटांवर लाल रेघा मारणारे आम्ही एक क्रियापद ऐकू शकलो नव्हतो.

तशी सुई मिळाली नाही. त्यांनी तीच बारीक पॉलिश कागदावर घासून कामापुरती केली. त्यांचा मुलगा नव्या इंजेक्शनच्या गाड्या संगणक जोडून तपासतो. वडिलांची ही विद्या त्याला लागत नाही. मिस्त्रींना अलीकडे कमी ऐकू येते. गेल्या वैशाखात त्यांनी सुईवर पेचकस ठेवला आणि प्रथमच आम्हांला विचारले, ‘लागली का?’

आम्ही दोघांनी कान दिला. बऱ्याच वेळाने म्हणालो, ‘लागली.’

त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, क्षणभर थांबले आणि सुई आणखी पाव फेरा फिरवली.