दुधाची तहान

एनसीपीएहून परतताना भाऊ म्हणाला, "ठीक होतं. दुधाची तहान ताकावर." आई खिडकीबाहेर बघत होती, ती काही बोलली नाही. मला मात्र ती म्हण तेव्हापासून सोडत नाही.

वरवर पाहता भावाचं बरोबर आहे. के. आसिफ यांचा १९६० चा 'मुघल-ए-आझम' म्हणजे दूध. पृथ्वीराज कपूर, दिलीपकुमार, मधुबाला, नौशाद यांचं संगीत. आणि त्याच सिनेमावरून फिरोज अब्बास खान यांनी २०१६ मध्ये एनसीपीएच्या जमशेद भाभा नाट्यगृहात उभं केलेलं संगीतनाट्य म्हणजे ताक. कथक नाचणाऱ्यांचा ताफा, मनीष मल्होत्रांचे झगमगते पोशाख, मागे प्रकाशाने उभे राहणारे महाल, सगळं आहे. पण मधुबाला नाही. ती कुठून आणणार?

तरी प्रश्न उरतोच, की आमच्या घराने दूध प्यायलं होतं कधी? आम्ही हा सिनेमा दूरदर्शनवर पाहिला, डोंबिवलीच्या चाळीत, शेजारच्यांच्या कृष्णधवल संचावर, दारापर्यंत माणसं बसलेली असताना. मूळ सिनेमातलं शीशमहालातलं गाणं रंगीत होतं. तो महाल अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभा करायला दोन वर्षं लागली म्हणतात. आरशांवर दिवे पडले की सगळी चमक उलटून भिंगात शिरायची. छायालेखक आर. डी. माथुर यांनी प्रकाश फिरवून आणून ते साधलं. त्या खटाटोपातला एकही रंग आमच्यापर्यंत पोचला नाही. आम्ही करडा शीशमहाल बघितला आणि त्यावरच जीव टाकला. पुढे २००४ मध्ये सगळा सिनेमा रंगवून पुन्हा लागला, तेव्हा आई मध्यंतरातच म्हणाली, "हा आपला नाही गं."

आणि आसिफ यांचा सिनेमा तरी पहिल्या धारेचा कुठे होता? अनारकलीची गोष्ट इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या नाटकामुळे घराघरात गेली होती. म्हणजे ती रंगमंचावरून पडद्यावर गेली आणि आता पडद्यावरून रंगमंचावर आली. यातलं दूध कोणतं, ताक कोणतं?

ताकाचाच विचार केला तर मला आईचं माहेर आठवतं. वांगणीच्या आतलं गाव. घरात दोन म्हशी. पण दूध घरचं नसायचं. भल्या पहाटे ते किटल्यांत भरून स्टेशनावर जायचं आणि लोकलच्या मालडब्यातून कल्याण-ठाण्याच्या दारांवर पोचायचं. दूध मोजून विकायचं, ताक न मोजता वाटायचं, अशी तिथली रीत. कुणी मडकं घेऊन आलं तर त्याला नाही म्हणायचं नाही. आई सांगते, आम्हा पोरांना दूध फक्त आजारपणात. बाकी वर्षभर ताक-भाकरी, ताकाची कढी, उन्हातून आलं की ताक. तिला दुधाची तहान लागलेलीच नव्हती. मग ही म्हण कुणाची? ज्यांच्या घरी दूध यायचं आणि एखाद्या दिवशी आलं नाही, त्यांची असणार. ज्या घरातून दूध रोज बाहेर जायचं, तिथली माणसं असं कशाला म्हणतील? की तीच म्हणत असतील, दूध विकून झाल्यावर, रिकाम्या किटल्या घासताना? मला दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्ही खरं असेल तर भावाला उत्तर देता येत नाही.

आई गप्प होती ती या कशामुळेच नव्हे. चार दिवसांनी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "ती पोरगी स्वतः गात होती ना?"

ती पोरगी म्हणजे प्रियांका बर्वे. आम्ही गेलो त्या दिवशी अनारकली तीच होती. भावगीतांच्या गायिका मालती पांडे-बर्वे यांची नात. ती गात होती, नाचत होती, आणि सलीमकडे बघत होती तेव्हा तोच गळा, तेच डोळे. आई म्हणाली, "मधुबाला रडायची आणि लता गायची. आपल्याला कधी वेगळं वाटलं नाही. आता वाटायला लागलं."

हे मला लागलं. सिनेमाने चेहरा आणि आवाज वेगळे केले, आणि आपण ते इतके जोडून ऐकत आलो की जोड दिसेनाशी झाली. पण 'मुघल-ए-आझम'मध्येच जोधाबाई झालेल्या दुर्गा खोटे यांची सुरुवात जोड नसलेल्या काळातली. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभातने 'अयोध्येचा राजा' काढला, मराठीतला पहिला बोलपट. त्यात त्या तारामती होत्या आणि आपली गाणी आपण गात होत्या, कारण पार्श्वगायन अजून रुळायचं होतं. समोर हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे, म्हणजे संगीत रंगभूमीचाच माणूस. अठ्ठावीस वर्षांनी त्याच दुर्गाबाई अकबराच्या दरबारात राणी म्हणून वावरताना एका उसन्या आवाजात गाणारी अनारकली पाहतात. त्यांच्या मनात काय आलं असेल? कदाचित काहीच नाही. कामाच्या माणसाला असलं सुचत नाही, आपल्यासारख्या बघणाऱ्याला सुचतं.

आपल्याकडे संगीत नाटकातला नट गाणारा असायचाच. गडकरी रंगायतनमध्ये आजही जुन्या नाटकातलं पद रंगलं की मागून "वन्स मोअर" येतो, आणि पात्र संकटात असलं तरी पद पुन्हा घेतलं जातं. गोष्ट थांबते, गाणं पुढे जातं. एनसीपीएला टाळ्या भरपूर झाल्या, पण ते थांबणं तिथे नव्हतं. माझ्या शेजारचे गृहस्थ अकबराचे संवाद नटाच्या आधी ओठांत म्हणत होते आणि नट जिथे वेगळा श्वास घ्यायचा तिथे हलकेच मान हलवत होते. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि हेवाही. ते नाटक बघत होते की आपल्या आतला सिनेमा? की आपण सगळेच तेच करत होतो आणि त्यांचे फक्त ओठ हलत होते?

भाची मात्र यातलं काही घेऊन गेली नव्हती. चौदा वर्षांची. सिनेमा तिने नाटकानंतर पाहिला, मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांनी. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "मावशी, सिनेमातली सुंदर आहे खूप. पण ती गात नाहीये. दुसरंच कुणीतरी गातंय, कळतं." मी तिला लताबाईंबद्दल सांगायला लागले, त्या आवाजाने आमच्या पिढीचं काय केलं ते. ती शहाण्यासारखी ऐकत राहिली. पण तिचं पहिलं दूध एनसीपीएतलं आहे आणि तिला सिनेमा पातळ लागतो आहे. मी तिला चुकीचं म्हणू शकत नाही, आणि बरोबर म्हणायला जीभ रेटत नाही. भाऊ अजून म्हणतो, ताकच ते. आई म्हणते, पुन्हा लागलं तर जाऊ, पण तीच पोरगी असेल तर.