उंट पुस्तकात, खिलार दारात

माझी भाची वडूजच्या एका सीबीएसई शाळेत सहावीला आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकाचं नाव ‘क्युरिऑसिटी’. २०२३च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार एनसीईआरटीने ते २०२४मध्ये काढलं.

पुस्तक मला आवडलं. दुसऱ्याच धड्यात मुलांना वर्गाबाहेर काढलंय: फिरा, बघा, वहीत लिहा. त्याच धड्यात दोन उंट भेटतात. उष्ण वाळवंटातला लांब पायांचा, पसरट पावलांचा. थंड वाळवंटातला आखूड पायांचा, दोन वशिंडांचा. जागा बदलली की शरीरही वेगळं, हे पटकन कळतं.

भाचीला दोन्ही उंट पाठ आहेत. पण माण-खटावच्या खिलार बैलाचे खूर काळे, टणक का, हे तिला कुणी विचारलेलं नाही. पसरट पाऊल वाळूत रुतत नाही. आमच्या मुरमाड रानात कठीण खूरच टिकतो. आणखी एक गंमत म्हणजे, उंट निसर्गाने घडवला, तर खिलार शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोपासला. म्हणजे पुढचा प्रश्न गोठ्यातच उभा आहे.

देशभराच्या पुस्तकात प्रत्येक तालुका मावणार नाही, हे मान्य. ती जागा शिक्षकाने भरायची. पण त्यासाठी त्याला मोकळा तास हवा आणि परीक्षेत खिलारवरच्या उत्तराला मार्क हवेत. नाहीतर येरळेच्या काठावरची मुलं लडाखचा उंट घोकत बसतील, आणि जिज्ञासा फक्त मुखपृष्ठावर राहील.